निळ्या झेंड्यांचा एप्रिल

नमस्कार मंडळी. एप्रिल अर्धा सरला तरी टोरांटोत स्वेटर कपाटात जायला तयार नाही. पण गाड्यांच्या खिडक्यांवर निळे झेंडे फडफडू लागलेत. मंगळवारी मेपल लीफ्सनी, म्हणजे आपल्या टोरांटोच्या आइस हॉकी संघानं, बफेलोला ४-० ने लोळवलं आणि अटलांटिक विभागात पहिला नंबर पटकावला. ८२ सामन्यांच्या पूर्ण हंगामात हे जमलं होतं २००० साली, त्यानंतर थेट यंदा, २०२५ मध्ये!

मुलांकडे उन्हाळ्यासाठी आलेल्या आजी-आजोबांसाठी थोडक्यात सांगतो. ही आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेची हॉकी नव्हे. इथे बर्फ असतो, पायात स्केट्स असतात आणि चेंडूऐवजी पक नावाची रबरी चकती. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, सोळा संघ, आणि प्रत्येक मालिकेत आधी चार सामने जिंकेल तो पुढे. त्या सगळ्या फेऱ्या जिंकणाऱ्याला मिळतो तो स्टॅनली कप आपण शेवटचा जिंकला १९६७ मध्ये. तेव्हा अख्ख्या लीगमध्ये संघच सहा होते, हे मॉन्ट्रियलवाले आठवणीनं ऐकवतात.

रविवारी ऑटवाशी गाठ आहे. या हंगामात त्यांनी आपल्याला तीनही सामन्यांत हरवलंय, म्हणून ऑफिसात सगळे धास्तावलेत. मी नाही. प्लेऑफमध्ये आजवर चारदा त्यांच्याशी पडली, चारही वेळा आपण जिंकलो. त्यांचा कर्णधार ब्रेडी टकाचक अंगावर येईल, ढकलाढकली होईल, एक-दोन सामने ते नेतीलही. माझा अंदाज, सहा सामन्यांत आपण.

एवढा भरवसा कशावर? खरं सांगू, यंदा आपला संघ जरा कंटाळवाणा खेळतो, त्यावर! गेल्या वर्षी मॅथ्यूजनं ६९ गोल ठोकले आणि आपण पहिल्याच फेरीत घरी. यंदा त्याच्या नावावर त्याच्या निम्मेच आहेत. पण क्रेग बेरुबे हा कोच आल्यापासून २-१ ची आघाडी घेतली की ती धरून ठेवतात. क्रिस टॅनेव्ह नावाचा गृहस्थ येणाऱ्या पकसमोर स्वतःचं अंग घालतो, एकदा नाही, सामनाभर. आणि मागे गोलरक्षक स्टोलार्झ. सहा फूट सहा इंचांचा माणूस जाळ्यासमोर गुडघे टेकून बसला की पक जायला फटच दिसत नाही.

पण आघाडी म्हटलं की मला १३ मे २०१३ आठवतो. बॉस्टनमध्ये सातवा सामना, तिसऱ्या सत्रात आपण ४-१ ने पुढे. टोरांटोशेजारच्या मिसिसागाच्या एका बेसमेंटमध्ये आम्ही सहाजण. जिंकलो आता, असं म्हणून मी चहा टाकायला वर गेलो. आलं किसत होतो, तेवढ्यात खालून ‘अरे!’ ऐकू आलं. मग पुन्हा एकदा. बॉस्टननं आधी एक गोल फेडला होताच, शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन करून बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये सामना नेला. चहा उतू गेला तो वेगळाच. मित्र अजून मलाच दोष देतात. सचिन खेळताना जागा न सोडणाऱ्या घरात वाढलेला माणूस मी, चूक कबूल आहे.

२०१७ पासून गेल्या वर्षापर्यंत नऊ मालिका खेळलो, जिंकली फक्त एक, २०२३ मध्ये टँपाविरुद्ध. निर्णायक गोल मिसिसागातच जन्मलेल्या टॅव्हारेसचा. लगेच पुढच्या फेरीत फ्लोरिडानं आपल्याला पाच सामन्यांत गुंडाळलं.

यंदाही दुसऱ्या फेरीत टँपा नाहीतर फ्लोरिडा, कारण ते दोघं पहिल्या फेरीत एकमेकांशीच भिडतायत. टँपा यावी अशी माझी इच्छा. येणार मात्र फ्लोरिडा, असं मन सांगतंय. ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत जाईल, आणि तो सामना आपल्याच मैदानावर होईल. त्यापुढचं माझ्याकडून वदवून घेऊ नका. त्या संध्याकाळी चहा मात्र सामन्याआधीच थर्मासमध्ये भरून ठेवणार आहे.