बॅरेलमधलं गणित

(दृश्य: कोल्हापूर, मंगळवार पेठ. दारातलं निळं बॅरेल. अळ्या तपासायला आलेल्या आशाताई टॉर्च लावतात.)

झाकण काढल्याबरोबर काही दिसत नाही. सावली पडली की एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्या सुळकन तळ गाठतात. मिनिटभर थांबायचं, श्वासासाठी त्या वर येतातच. घाई केली की बॅरेल वहीत ‘निरंक’ लागतं आणि पुढचा सगळा हिशेब तिथंच बिघडतो.

(दृश्य: नोंदवही.)

समजा ५० घरं फिरलो, १० घरांना कुलूप, ६ घरांत अळ्या. भागायचं ४० नं. हाऊस इंडेक्स, म्हणजे अळ्या सापडलेल्या घरांचं प्रमाण, १५ टक्के. ५० नं भागलं की १२ येतो, गल्ली उगाच बरी दिसते. दूषित कंटेनर ९ असतील तर शंभर घरांमागे साडेबावीस, हा ब्रेटू इंडेक्स. माणसामागे डास किती, याचा हा ढोबळ अंदाज. साथीचा अंदाज बांधणाऱ्या गणिती मॉडेलला तो लागतोच, पण तेवढ्यावर भागत नाही.

(दृश्य: धुराची गाडी, मागं पळणारी पोरं.)

डासांमुळे पसरणाऱ्या रोगाचं गणित आधी हिवतापासाठी मांडलं गेलं. रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं, की एकूण एक डास मारावा लागत नाही. ठरावीक संख्येखाली आणला की साथ टिकत नाही. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी बोट ठेवलं ते डासाच्या आयुष्यावर.

डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला ८ ते १२ दिवस लागतात. १० धरू. रोज शंभरातले ९० डास जगले, तर दहा दिवसांनी ३५ उरतात, आणि रोग देऊ शकतात ते हे उरलेलेच. रोज ८० जगले, तर जेमतेम ११. म्हणजे मार रोज बसला पाहिजे. धूर एका संध्याकाळचा. एडिस बसलेला असतो कॉटखाली, खुंटीवरच्या कपड्यांत, आणि बॅरेलमधल्या कोषातून दोन दिवसांत नवे डास उडतात. तरी गल्लीची मागणी धुराचीच. तो दिसतो ना!

(दृश्य: संगणकावर रुग्णांचा आलेख.)

इथं तारीख हवी ताप सुरू झाल्याची. अहवालाची घातली तर आलेख काही दिवस पुढं सरकतो आणि पथक साथ ओसरलेल्या गल्लीत पोचतं. तोवर दुसरीकडे खाटा भरलेल्या.

(दृश्य: बॅरेल आडवं, हातात काथ्या.)

नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. काथ्यानं कड घासायची, मगच पाणी भरायचं.