खातं नसलेला आमदार आणि रोजगार हमीचा कायदा

वि. स. पागे यांची राजकीय कारकीर्द मांडायची तर नेहमीचा साचा उपयोगी पडत नाही. कोणतं खातं सांभाळलं, किती निवडणुका जिंकल्या, कोणता गट फोडला, असं काही हाती लागत नाही. १९१० साली जन्मलेला सांगली जिल्ह्यातला हा माणूस वकील, स्वातंत्र्यसैनिक, गांधीविचाराचा आणि संतवाङ्मयात रमणारा. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीला सभागृहात चर्चेत भाग घेता येत नाही. समसमान मतं पडली तरच तो मत देतो. म्हणजे बोलायला बंदी आणि मतही जवळजवळ नाही. अशा जागेवर बसलेल्या माणसाच्या नावावर राज्यातला सर्वांत लांब पल्ल्याचा कायदा, रोजगार हमीचा, जमा आहे. तो त्यांनी पत्रं लिहून, टिपणं करून आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचा पिच्छा पुरवून घडवला.

सुरुवात १९६५ साली तासगाव तालुक्यात झाली. सरकारदरबारी तिला ‘पागे योजना’च म्हणत. कल्पना अशी की, खेड्यात अंगमेहनतीचं काम मागायला येणाऱ्या प्रौढ माणसाला काम द्यायचंच. त्याची जात, त्याची जमीन, दारिद्र्याचा दाखला काहीही विचारायचं नाही. उन्हातान्हात माती उचलायला जो येतो त्याला गरज आहे, एवढा पुरावा पुरे. लाभार्थी निवडण्याची भानगडच नको, हे मला या योजनेतलं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं.

१९७२ साली योजना राज्यभर लागू झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गिळलं. ७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या वेळची खडी केंद्रं जुन्या मंडळींना आठवत असतील. माणसं दिवसभर खडी फोडत आणि ती खडी पुढे वर्षानुवर्षं ढिगाने पडून राही. खडीच का? कारण माणसं दारात आल्यावर मोजणी, नकाशा, अंदाजपत्रक करायला वेळ नसतो. दगड आणि हातोडा लगेच मिळतो. यातून धडा घेऊन पुढे नियम झाला: प्रत्येक तालुक्यात मंजूर, अंदाजपत्रकासह तयार कामांची यादी आधीच हवी. कचेरीत तिला ‘शेल्फ’ म्हणतात. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वनीकरण, रस्ते. शेल्फ रिकामं असेल तर हमी कागदावरच राहते.

आता पैशाकडे येऊ, कारण पागेंची खरी चलाखी तिथे आहे. इतर योजना अंदाजपत्रकात जागा मागतात आणि टंचाईच्या वर्षी पहिल्यांदा कापल्या जातात. रोजगार हमीला स्वतःचे कर जोडले गेले. १९७५ चा व्यवसाय कर हा त्यातला मुख्य. पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात ना, वर्षाचे अडीच हजार, तोच हा कर. त्याखेरीज मोटार वाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर आणि शहरातल्या अनिवासी इमारतींवर जादा आकारणी झाली. या करांतून जेवढे पैसे जमतील तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची. शहरी पगारदार आणि बागायतदार, दोघांनाही चाट. ते गप्प का बसले? शहराला खेड्यातून येणारा लोंढा थांबायला हवा होता आणि बागायतदाराच्या शिवारात पाझर तलाव होणार होता. मजुरी शेतीच्या किमान वेतनाइतकीच ठेवली, सुगीत कामं बंद ठेवायची सोय ठेवली, म्हणून जमीनवाल्यांचा विरोधही मावळला.

कायदा १९७७ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याची मूळ चाल साधी होती. आधी गावपातळीवर नोंदणी, मग नमुना ४ भरून कामाची मागणी. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, दिवसाला एक रुपया. नवं काम काढायला किमान पन्नास मजूर लागत. खर्चातले साठ टक्के अकुशल मजुरीवर आणि चाळीस टक्क्यांत सिमेंट, लोखंड, गवंडी सगळं बसवायचं. कंत्राटदार नाही.

बिघडतं ते याच सांध्यांवर. सगळी हमी नमुना ४ वरच्या तारखेवर टांगलेली आहे, हे कचेरीला पक्कं ठाऊक असतं. म्हणून अर्ज नाकारत नाहीत. “ठेवून जा, बघतो” म्हणतात आणि पोच देत नाहीत. तारखेची पोच नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? भत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला, त्याचं हे एक मोठं कारण. पन्नासची अट वाडीवस्तीला नडायची: तीस जण आले तर त्यांना दूरच्या चालू कामावर धाडत आणि बायका, लेकुरवाळ्या गळत. साठ-चाळीसच्या गणितामुळे रस्त्यावर मातीकाम होतं, पण खडीकरण आणि मोरीचे पैसे उरत नाहीत. पहिल्या दोन पावसांत रस्ता ओढ्यात.

मजुरी मोजमापावर असते. खोदलेल्या खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खुंट सोडतात, त्यावरून खोली धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, हे मजुरालाही करता येतं. तो फसतो ते मातीच्या प्रकारात. कठीण मुरूम खणला आणि मोजमाप पुस्तिकेत ‘मऊ माती’ लिहिलं, तर तितक्याच घामाचे पैसे एकदम घटतात. माती किती लांब टाकली आणि किती उंच चढवली याचे जादा दरही असेच नोंदीतून निसटतात. मुरूम उघडा पडला की त्याच दिवशी नोंद करून घ्यायची; खड्डा पाण्याने भरल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

२००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तेव्हा पंधरा दिवसांची मुदत, साठ-चाळीस, कंत्राटदाराला बंदी हे सगळं जवळजवळ तसंच उचललं गेलं. हक्क मात्र आकसला. केंद्राने कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. पागेंच्या कायद्यात हक्क माणसाचा होता आणि दिवसांना मर्यादा नव्हती. सासू, सून आणि मुलगा अशा तिघांनी तीन नमुना ४ भरले तर तिघांनाही, वर्षभरात जितक्या वेळा मागतील तितक्या वेळा, काम द्यावं लागे.