समलिंगी कुटुंबांचा जमाखर्च

मित्रहो, समलिंगी माणसे सधन असतात आणि मुलाबाळांचा खर्च नसल्यामुळे त्यांच्या हाती पैसा खुळखुळत असतो, हा समज अमेरिकेत इतका रुजला होता की १९९६ साली, समलिंगींना भेदभावापासून संरक्षण नाकारणाऱ्या कोलोरॅडो राज्याच्या तरतुदीविरुद्धच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आपल्या भिन्नमतातही समलिंगींच्या सुबत्तेचा उल्लेख केला. या समजाला बळ मिळाले होते ते समलिंगींसाठी निघणाऱ्या नियतकालिकांच्या वाचकांच्या पाहण्यांतून, आणि त्या केल्या होत्या जाहिरातदारांसाठी. विमानतळावर उभे राहून प्रवाशांची मिळकत विचारावी आणि तीच देशाची सरासरी म्हणून सांगावी, त्यातला हा प्रकार.

ली बॅजेट या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी नेमके इथेच बोट ठेवले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९९० साली पीएच.डी. मिळवलेल्या बॅजेट यांनी यादृच्छिक नमुन्यावर, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या माणसांवर, आधारलेल्या एका राष्ट्रीय पाहणीची १९८९ ते १९९१ची माहिती घेतली. तिच्यात कोणी स्वतःला काय म्हणवतो हे विचारलेले नव्हते, त्यामुळे शरीरसंबंधांविषयीच्या उत्तरांवरूनच वर्गवारी करावी लागली. १९९५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शिक्षण, अनुभव, व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि प्रदेश सारखे असले तरी समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांची कमाई इतर पुरुषांपेक्षा ११ ते २७ टक्क्यांनी कमी होती. स्त्रियांच्या बाबतीत आकडे इतके ठाम नव्हते.

मला स्वतःला मात्र त्यांचा २००७चा अहवाल अधिक मोलाचा वाटतो, कारण तो थेट पगाराच्या चिठ्ठीत शिरतो. अमेरिकेत आरोग्यविमा बहुधा नोकरीतून मिळतो. मालकाने कर्मचाऱ्याच्या पती वा पत्नीच्या विम्याचा हप्ता भरला तर त्यावर कर नसे. पण सोबत राहणाऱ्या, विवाहाची केंद्रीय मान्यता नसलेल्या जोडीदाराचा हप्ता भरला की ती रक्कम कर्मचाऱ्याचेच उत्पन्न धरली जाई. हातात दमडी न येता कर मात्र भरावा लागे, आणि हा जादा भार वर्षाला सरासरी १,०६९ डॉलर असल्याचे बॅजेट यांनी दाखवले. ज्या मालकाने उदारपणे सवलत दिली, त्यालाही वेतनावरील करापोटी जास्त पैसे मोजावे लागत, हा त्यातला विनोद म्हणावा लागेल. पुढे २०१०च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियातील समलिंगी विवाहांवरील बंदीच्या खटल्यात, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली.

भारताशी त्यांचा संबंध आला तो जागतिक बँकेसाठी २०१४ साली केलेल्या अभ्यासातून. कामाच्या ठिकाणचा भेदभाव, नैराश्य, आत्महत्या आणि एचआयव्ही यांमुळे होणारे नुकसान त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्के इतके मांडले. ही कक्षा फार रुंद आहे हे खरे. पण ज्या देशात अशी माहिती गोळाच होत नव्हती, तिथे एकच नेटका आकडा सांगितला असता तर मला जास्त शंका आली असती.

आपल्याकडे २०२४च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँकखाते उघडायला आणि जोडीदाराला खात्याचा नॉमिनी (नामनिर्देशित व्यक्ती) म्हणून नेमायला कोणतीही आडकाठी नाही. आयकराची गोष्ट वेगळी. वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती करपात्र ठरते; पती-पत्नींना त्यातून सूट आहे, समलिंगी जोडीदाराला नाही. याच तरतुदीविरुद्ध एक समलिंगी जोडपे २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात गेले आहे.