प्रकाश निघून गेल्यावर उठणारा प्लाझ्मा

(दृश्य: स्टीलचा पातळ पत्रा, मायक्रोस्कोपखाली दोन भोकं)

लेझरने पाडलेली ही दोन भोकं जरा नीट बघा. पत्रा स्टीलचा, जाडी १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, आणि प्रयोग १९९६ चा, जर्मनीत हॅनोव्हरच्या लेझर सेंटरमधला. डावीकडच्या भोकाभोवती धातू वितळून परत गोठलाय, कडा ओबडधोबड झालीये, आणि उजवीकडचं भोक मात्र एकदम स्वच्छ. डावीकडे लेझरचा पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, होता नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), उजवीकडे २०० फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचाही दहा लाखावा भाग). २०० फेम्टोसेकंदांत प्रकाश स्वतः जेमतेम ६० मायक्रॉन जातो, त्या पत्र्याच्या जाडीपेक्षाही कमी!

मग एवढ्याशा वेळात धातूत होतं काय? तर फक्त इलेक्ट्रॉन तापतात. तेही अगदी वरच्या काही नॅनोमीटरच्या थरातले, पण तापतात म्हणजे हजारो अंशांपर्यंत, आणि त्यांच्या शेजारचे अणू अजून जवळपास थंडच. एकाच धातूत एकाच क्षणी दोन तापमानं! हे गणित सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ अनिसिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं आणि मला तरी या सगळ्या विषयातली हीच सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. इलेक्ट्रॉन ती उष्णता अणूंना देतात ती काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), तोवर पल्स कधीच संपलेला असतो.

(दृश्य: पृष्ठभागावरून वर उठणारा चमकता झोत, स्लो मोशन)

आता तो थर हळूहळू वितळून वाफ होण्याइतका वेळच नाही, त्यामुळे तो स्फोटासारखा उडतो. हाच प्लाझ्माचा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेल्या तापलेल्या वायूचा झोत, त्यात इलेक्ट्रॉन, आयन (विद्युतभारित अणू), साधे अणू, मागून येणारे नॅनोकण, सगळं असतं. सेकंदाला १० किलोमीटरचा वेग धरला तरी एका नॅनोसेकंदात तो फक्त १० मायक्रॉन वर येतो. नॅनोसेकंद लेझरची अडचण नेमकी इथेच आहे, प्लाझ्मा उठला तरी पल्स चालूच, मग उरलेला प्रकाश प्लाझ्माच गिळतो, खाली धातूपर्यंत कमी पोचतो आणि दरम्यान उष्णता आजूबाजूला पसरते. फेम्टोसेकंदात अडवायला प्रकाशच उरलेला नसतो.

फेम्टोसेकंद पल्सने असा पदार्थ उडवण्याला बरेच जण 'कोल्ड' ॲब्लेशन, म्हणजे 'थंड' उडवणं, म्हणतात, मला ते पटत नाही. झोत प्रचंड तापलेला असतो, थंड राहतो तो बाजूचा धातू, आणि तोही पल्स फार भराभर मारले नाहीत तरच, नाहीतर उष्णता साठत जाते.

तीव्रता अजून खूप वाढवली की मामला वेगळाच होतो. आपल्या मुंबईत, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असे फेम्टोसेकंद पल्स घन पदार्थांवर मारून प्लाझ्मा अभ्यासतात. त्यात सुसाट धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे दहा लाख गॉसच्याही वर चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पृथ्वीचं असतं साधारण अर्धा गॉस, आणि हे सगळं काही पिकोसेकंदांपुरतंच, त्यामुळे ते मोजायलाही दुसरा फेम्टोसेकंद पल्सच लागतो.