कोंग यीजीचा डगला

गावाचं नाव लूचन. गुत्त्याची काटकोनी फळी रस्त्याकडे तोंड करून, आणि मागे भाताची दारू कोमट करायला गरम पाणी सदा तयार. चार पैशांना वाडगा. वर एक पैसा टाकला की बडीशेप घालून उकडलेले दाणे. आखूड बंडीतले कामकरी फळीपाशी उभ्यानं पितात. दारूत पाणी पडू नये म्हणून भांड्यावरून त्यांची नजर हलत नाही. लांब डगलेवाले, म्हणजे शिकलेसवरलेले, आतल्या खोलीत निवांत बसतात.

डगला घालून उभ्यानं पिणारा एकच: कोंग यीजी.

चिनी लेखक लू शुन यांची 'कोंग यीजी' ही कथा १९१९ साली 'नवतरुण' मासिकात आली, तीही बोलीभाषेत. दहा-बारा मिनिटांत वाचून होणाऱ्या या कथेत एक अख्खी व्यवस्था कोसळताना दिसते. सरकारी नोकरीसाठी परीक्षांची उतरंड होती: आधी जिल्ह्याची, मग दर तीन वर्षांनी प्रांताची, शेवटी राजधानीतली. कोंग पहिल्याच पायरीवर अडला. अक्षर सुरेख म्हणून लोक पोथ्या नकलायला द्यायचे, पण चार दिवसांत तो पोथी, कागद आणि कुंचल्यासकट गायब. मग काम देणार कोण? कथेतला निवेदक वीसेक वर्षांमागचं सांगतो, तेव्हा परीक्षा चालू होत्या. १९०५ साली त्या बंद झाल्या. म्हणजे १९१९ च्या वाचकाला कळत होतं, की कोंग ज्या शिडीवरून पडला ती शिडीच आता उरलेली नाही.

नाण्यांकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीला कोंग नऊ पैसे मांडतो: दोन वाडगे आणि दाणे. पुढे उधारीच्या पाटीवर त्याच्या नावे एकोणीस. शेवटी पाय मोडलेला कोंग चिखलानं भरलेल्या हातांवर सरकत येतो, तेव्हा खिशात चारच. एकच वाडगा, दाणे नाहीत. पाय मोडले ते डिंग नावाच्या बड्या असामीनं, चोरी पकडून, आधी कबुलीजबाब लिहून घेऊन, अर्ध्याहून अधिक रात्र मारून. हा डिंग प्रांताची परीक्षा पास झालेला. आमच्या मते कथेचा कणा इथं आहे. गिऱ्हाइकं हसतात, डिंगला जाब कुणीच विचारत नाही.

२०२३ साली चीनमध्ये १ कोटी १५ लाखांहून अधिक पदवीधर बाहेर पडले. त्या वसंतात बेकार तरुण इंटरनेटवर लिहू लागले, की आमची पदवी म्हणजे कोंगचा डगला, अंगातून उतरत नाही. सरकारी टीव्हीनं मार्चमध्ये उत्तर दिलं: कोंगला बुडवलं ते शिक्षणानं नव्हे, विद्वत्तेचा तोरा न सोडण्यानं आणि कष्ट न करण्यानं. कथेत कोंग आळशी आहे, हे खरंच. पण त्या उत्तरात डिंग कुठंच नव्हता, आणि तरुणांचा राग नेमका या वगळण्यावर होता. जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयोगटातली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली. ऑगस्टमध्ये सांख्यिकी विभागानं हा आकडा देणं थांबवलं. पुढे तो परत आला तो शिकणाऱ्या मुलांना वगळून मोजलेला: डिसेंबरसाठी १४.९ टक्के.