आधी आवाज, मग अक्षरं

[दृश्य : ठाणे स्थानकाचा पूल, संध्याकाळची गर्दी. एकाच वेळी अनेक फोनचा लांबलचक, कर्कश आवाज.]

हा आवाज २०२३ साली आपल्यापैकी अनेकांनी ऐकला. फोन सायलेंटवर होता, तरी वाजला. पर्समधला वाजला, चार्जिंगला लावलेला वाजला, शेजारच्या सीटवरच्या माणसाचाही वाजला. स्क्रीनवर मजकूर होता : ही चाचणी आहे, तुम्ही काही करायची गरज नाही. दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण देशभर टप्प्याटप्प्याने ही चाचणी घेत होतं. लोक दचकले, ओके दाबलं आणि पुढची लोकल पकडली.

पण तो मजकूर आपल्या फोनवर आला कसा, हे नीट समजून घ्यायला हवं. आपला नंबर कुणाकडे नव्हता. त्याची गरजच नव्हती.

एसएमएस नंबरला जातो. एका भागात लाखो फोन असले, तर लाखो एसएमएस एकामागून एक सुटतात आणि रांग लागते. चाचणीचा मजकूर मात्र 'सेल ब्रॉडकास्ट' पद्धतीने आला. तिच्यात मोबाइल टॉवर एकदाच मजकूर प्रसारित करतो आणि त्याच्या कक्षेत चालू असलेला प्रत्येक फोन तो टिपतो. फलाटावरची उद्घोषणा कुणाचं तिकीट कुठलं आहे, हे विचारत नाही, तसंच हे. म्हणूनच नेटवर्कवर ताण येऊन कॉल लागेनासे झाले, तरी हा मजकूर पोहोचू शकतो.

[दृश्य : उल्हास नदी, वांगणीजवळचा रेल्वेमार्ग.]

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ठाणे, कळवा, कल्याण, बदलापूर, सगळीकडे पाणी. माणसं ऑफिसात, गाड्यांत अडकली आणि घरी फोन लागेना. ज्यांनी ती रात्र काढली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि २७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, स्थानिक गावकरी, सगळे धावले आणि प्रवासी सुखरूप बाहेर आले. आता विचार करा : त्या डब्यांतल्या किती जणांना वांगणी कुठे आहे, हे ठाऊक असेल? त्यांचे नंबर कोल्हापूरचे, सांगलीचे, मुंबईचे. ठाणे जिल्ह्यातल्या रहिवाशांची यादी करून इशारा पाठवला, तर हे प्रवासी त्यात बसतच नाहीत. टॉवरवरून आलेला इशारा मात्र त्या रात्री तिथे असलेल्या प्रत्येकासाठी असतो.

[दृश्य : नकाशा. ठाणे जिल्ह्यावर काढलेली रंगीत चौकट.]

इशाऱ्याचा प्रवास हवामान विभागापासून सुरू होतो, किंवा धरणाचं पाणी सोडणाऱ्या यंत्रणेपासून. 'सचेत' नावाच्या राष्ट्रीय प्रणालीवर तो ठरावीक साच्यात भरला जातो : धोका कोणता, किती तीव्र, किती वेळ, कुठे. नकाशावर सीमा आखली जाते. अधिकारी मंजुरी देतात, मग तो मोबाइल कंपन्यांकडे आणि तिथून टॉवरकडे जातो. मंजुरीची पायरी वेळखाऊ वाटेल, पण ती हवीच. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा सगळ्यांच्या फोनवर गेला. तो चुकीचा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटं लागली.

आमचं म्हणणं त्या सीमेबद्दल आहे. 'पुढील तीन तासांत ठाणे जिल्ह्यात जोरदार पावसाची शक्यता' असा एसएमएस पावसाळ्यात आपल्याला येत राहतो. पण ठाणे जिल्हा कसाऱ्याच्या घाटापासून बेलापूरच्या खाडीपर्यंत पसरलेला आहे. शहापुरात भातसा धरणाखालच्या गावाला नदीची पातळी कळायला हवी. मुंब्र्यात डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या कुटुंबाला दरड कोसळण्याचा धोका आहे. नवी मुंबईत तर प्रश्नच निराळा. खाडीलगतच्या सखल जमिनीवर हे शहर वसवलं. भरतीच्या वेळी धारण तलावांची, म्हणजे पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या तळ्यांची, खाडीकडची दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी ओहोटीची वाट पाहत आतच साठतं. तिथे पावसाइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची.

सगळ्यांना एकच वाक्य पाठवलं, की कुणाच्याच दारापर्यंत ते पोहोचत नाही. मग काय होतं? 'रेड अलर्ट सांगितला आणि लख्ख ऊन पडलं,' असं दोन-चार वेळा झालं, की पुढच्या वेळी माणूस वाचतच नाही. त्यात माणसाचा दोष नाही. इशारा लहान भागाला द्या, काय करायचं ते सांगा : 'उतारावरची घरं सोडा, अमुक शाळेत या.' सेल ब्रॉडकास्टने मोजक्या टॉवरपुरता मजकूर पाठवता येतो. तंत्र हातात आहे, ते वॉर्डापर्यंत उतरवायला हवं.

[दृश्य : मराठी मजकूर असलेला फोन, जवळून.]

आणि मराठीत द्या. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. म्हणून मजकूर काटकसरीने, पण स्पष्ट लिहावा लागतो. जागेचं नाव आणि करायची कृती आधी, खात्याचं नाव शेवटी.

मर्यादाही आहेत. फोन बंद असेल, विमान मोडवर असेल, किंवा वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी संपली, तर काहीच येणार नाही. म्हणून ठाणे महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल, गल्लीत फिरणारा भोंगा आणि दार ठोठावणारा शेजारी, हे लागणारच.

[दृश्य : फोनची सेटिंग्ज उघडणारा हात.]

आज एवढं करा. सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधा आणि ते सुरू आहेत का, बघा. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवरही बघा आणि तो आवाज कशाचा, ते त्यांना आधीच सांगून ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२.