मनाला पटेल असं बोला

मंडळी, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा आणि घट्ट आवळा. आणखी घट्ट. आता मनात एवढंच म्हणत राहा, ‘सोडवायचेत, पण सुटत नाहीत, सुटत नाहीत.’ दुसरं काही मनात येऊ देऊ नका. मागे काहीजणी हसायला लागल्या, म्हणजे त्यांचे खरंच अडकलेत! आता म्हणा, ‘सुटतात.’ सुटले ना? ज्यांचे अडकलेच नाहीत त्यांनी काळजी करू नये. ‘हा काय पोरखेळ’ असं ते बहुधा आतल्या आत म्हणत होते. त्या वाक्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

हा प्रयोग एमिल कुए यांचा. जन्म १८५७ चा, फ्रान्समधला, पेशा औषधविक्रेत्याचा. बाटली हातात देताना औषधाबद्दल दोन चांगले शब्द बोललं की गिऱ्हाइकाला तेच औषध जास्त लागू पडतं, हे त्यांनी दुकानात बसल्या बसल्या हेरलं. पुढे नान्सी शहरातल्या डॉक्टर लिएबो यांचे संमोहनाचे प्रयोग त्यांनी पाहिले. त्यातून त्यांचं मत बनलं, की दुसऱ्याने दिलेली सूचना माणूस आधी स्वतः स्वीकारतो, मगच ती काम करते. मग मध्ये संमोहन करणारा हवा कशाला? तिथून त्यांची स्वयंसूचना सुरू झाली. ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे,’ हे वाक्य सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आणि रात्री झोपताना वीस-वीस वेळा म्हणायचं, तेही वीस गाठी मारलेल्या दोरीवर मोजत. आपल्या जपमाळेचीच तऱ्हा. नान्सीत ते लोकांकडून पैसे घेत नसत. १९२३ मध्ये ते अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांना ऐकायला झुंबड उडाली.

कुए यांचं वाक्य जगभर गेलं, त्यांची अट मात्र मागेच राहिली. ते म्हणत, जोर लावू नका. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालेल. तीच फळी चर्चच्या दोन मनोऱ्यांवर टेकवली, की पाय लटपटतात. फळीची रुंदी तेवढीच आहे, पण डोळ्यांसमोर पडणं उभं राहिलेलं असतं. झोपेचंही तसंच. ‘आज झोप लागलीच पाहिजे’ म्हटलं, की डोळे टक्क उघडे.

आणि आपण काय करतो? दहावीच्या मुलाला आरशासमोर उभं करून ‘मी गणितात हुशार आहे’ असं घोकायला लावतो. पोरगं तोंडाने म्हणतं, ‘मी हुशार आहे,’ आणि आतून लगेच उत्तर येतं, ‘आणि सहामाहीला किती पडले?’ सुरुवातीचं ‘हा काय पोरखेळ’ हे याच जातीचं वाक्य. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांचा निबंध २००९ चा आहे. दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी म्हणायचं. ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटत होता, त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं. म्हणजे औषधाची गरज ज्याला जास्त, त्यालाच ते बाधलं. हजारो रुपये घेऊन हॉटेलच्या हॉलमध्ये ‘मी करोडपती आहे’ असं ओरडायला लावणाऱ्या शिबिरांबद्दल माझं मत चांगलं नाही, ते यामुळेच.

मग स्वतःशी बोलायचं तरी कसं? समर्थांचे मनाचे श्लोक आठवा. दोनशे पाच श्लोक, आणि हाक कोणाला? ‘मना’. मनाला समोर बसवून त्याला सांगितलंय, समजावलंय, कधी दटावलंयही. समर्थांनी आधुनिक मानसशास्त्र आधीच सांगून ठेवलं होतं, असा दावा मी करणार नाही. असे दावे आपल्याकडे फार लवकर होतात. पण मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये मांडलेले प्रयोग वाचताना मला ती हाक आठवली. लोकांना भाषणाच्या तयारीला पाच मिनिटं दिली. काहींनी ‘मी’ म्हणून स्वतःशी बोलायचं, काहींनी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून. नाव घेणाऱ्यांचं भाषण जास्त चांगलं झालं, आणि नंतर ‘आपलं कसं झालं’ हे ते कमी उगाळत बसले.

तेव्हा त्या दहावीच्या मुलाने म्हणावं, ‘निखिल, आधी पेपर पूर्ण वाच. येणारं गणित पहिलं सोडव. अडलास तर खूण कर आणि पुढे जा.’ यात हुशारीचा दावाच नाही, त्यामुळे आतून खोडून काढायला काही उरत नाही. ‘अमुक झालं तर तमुक करीन’ अशा ठरावाचा उपयोग होतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी बऱ्याच प्रयोगांत दाखवलं आहे.

आत्ता एक चिठ्ठी आली आहे: ‘आजारपणात हे चालेल का?’ औषधाच्या जोडीला चालेल, औषधाऐवजी नाही. स्वतः कुएसुद्धा डॉक्टरांचे उपचार सोडायला सांगत नसत. आणि दोन-दोन आठवडे मन उदास असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर वाक्यं पुटपुटत घरी बसू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.